हलू नका म्हणायचं नाही

आपण म्हणतो, ‘फोटो हलला’. हललेला असतो माणूस, नाहीतर फोटो काढणाऱ्याचा हात, पण बिल फाडलं जातं फोटोच्या नावावर. आणि एकदा फोटो हलला म्हटलं की विषय संपला. तो कोणी कुणाला दाखवत नाही, मोबाइलमधून तर दुसऱ्याच क्षणी उडवतात. मीही उडवायचे. माणसांचे फोटो काढायला लागल्यापासून पहिली कित्येक वर्षं माझ्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा काय निघालं असेल, तर ‘हं, आता हलू नका.’

आता मी जोडप्यांना तिन्हीसांजेला कॅमेऱ्यासमोर उभं करते आणि सांगते, हला.

काय करते ते आधी सांगून टाकते. सूर्य मावळला की कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. दोघांची एक फ्रेम स्थिर, रेखीव घ्यायची. मग कॅमेऱ्याला केसभरही धक्का न लावता पाच-सात फ्रेम मंद शटरवर, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून. त्यांत दोघं चालताहेत, वळताहेत, एकमेकांभोवती फिरताहेत. शेवटी दोघांना बाजूला व्हायला सांगून नुसत्या रिकाम्या जागेची एक फ्रेम. घरी आल्यावर हे सगळं एकावर एक रचायचं आणि कुठे काय ठेवायचं, काय पुसायचं ते ठरवत बसायचं. जमलं तर हाती येतं ते असं: निळा होत चाललेला अंधार, त्यात दोन माणसांचे ओघळ, आणि त्या ओघळांत कुठेतरी एवढीशी जागा लख्ख.

ती लख्ख जागा कुठे असावी, यावरून माझा एकदा चांगलाच मुखभंग झाला. तिथपर्यंत येतेच, पण आधी उजेडाबद्दल बोलायला हवं, कारण हे सगळं काम त्याच्या तालावर चालतं.

‘कातरवेळ’ हा शब्द मला फार आवडतो. आवाज कातर होतो म्हणजे थोडा कापतो; ही वेळही तशीच कापरी. सूर्य क्षितिजाखाली गेल्यापासून ६ अंश खाली उतरेपर्यंतच्या अवधीला खगोलशास्त्रात नागरी संधिप्रकाश म्हणतात. विषुववृत्ताजवळ तो वीस-बावीस मिनिटांत आटोपतो, ध्रुवांकडे जावं तसा लांबत जातो. आकाश निरभ्र असेल तर या अवधीत उजेड साधारण ४०० लक्सवरून (लक्स हे उजेड मोजायचं एकक) साडेतीन लक्सच्या आसपास येतो. शंभराहून जास्त पटींनी घट! आमच्या भाषेत जवळपास सात स्टॉप, म्हणजे वीसेक मिनिटांत उजेड सात वेळा निम्मा होतो. सरासरी दर तीन मिनिटांना एकदा. डोळ्यांना याचा पत्ता लागत नाही, ते निमूटपणे जुळवून घेत राहतात. कॅमेऱ्याला लागतो.

सुरुवातीला मी इथेच आपटले. रेखीव फ्रेम आधी घेतली, मग गप्पा झाल्या, कोणीतरी केस नीट केले, आणि हलत्या फ्रेम दहा मिनिटांनी घेतल्या. घरी येऊन जोडायला बसले तर दोन्हींत तीन स्टॉपचा फरक. तो एकवेळ भरून काढता येतो, पण रंगाचं काय? पहिल्या फ्रेमच्या आकाशात अजून पिवळट ऊब होती, दुसऱ्यांत ती पार विझलेली. जोडलेल्या चित्रात दोघांचे चेहरे एका वेळेचे आणि त्यांच्यामागचं आकाश दुसऱ्या. बघणाऱ्याला नेमकं बोट ठेवता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं जाणवतंच. तेव्हापासून नियम केला की रेखीव आणि हलत्या फ्रेम दोन-तीन मिनिटांच्या आत. गप्पा आधी किंवा नंतर.

दुसरीकडे, घटणारा उजेडच माझं काम करूनही देतो. भिंगाचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा एफ ४ आणि कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आयएसओ ४०० धरला, तर सूर्यास्ताच्या वेळी शटर साधारण १/४० सेकंदाच्या आसपास बसतं. उभा माणूस त्यात नीट येतो. दहा मिनिटांनी त्याच आकड्यांवर १/५ लागतं, पंधराव्या मिनिटाला सेकंदाच्या जवळ. दुपारी हे करायचं तर भिंगावर काळी काच चढवावी लागते. या वेळी अंधारच ती चढवतो. माणूस रमतगमत चालला तरी सेकंदाला मीटरभर पुढे जातो. म्हणजे पाव सेकंदात तो सरकतो वीतभर किंवा थोडा जास्त, आणि चेहरा पुसट झाला तरी तो माणूस आहे, कोण आहे, हे कळतं. पूर्ण सेकंद दिलात तर तो स्वतःच्या अंगाबाहेर निघून जातो आणि मागे धूर राहतो. माझं बहुतेक काम १/८ ते अर्ध्या सेकंदाच्या पट्ट्यात चालतं. त्यापलीकडे मी क्वचितच जाते. दोन माणसांचा धूर दिसायला एकसारखाच असतो.

रंगांची एक गंमत. सूर्य गेल्यावर माथ्यावरचं आकाश इतकं निळं राहतं ते मुख्यतः ओझोनमुळे. तिरप्या किरणांना वातावरणातून खूप लांबचा प्रवास करावा लागतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. त्याच वेळी आपल्या डोळ्यांतही अदलाबदल चालू असते. अंधारू लागलं की लाल रंग बुडायला लागतो आणि निळा-हिरवा वर येतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपलं होतं. कॅमेऱ्याला हा विकार नाही. तुमच्या डोळ्यांना काळपट वाटलेली लाल शाल त्याला लालच दिसते, आणि फोटोत ती बोंबलत उभी राहते. लोक म्हणतात, ‘छान आहे, पण त्या संध्याकाळसारखं वाटत नाही.’ बरोबरच आहे त्यांचं. लाल थोडा खाली उतरवला की संध्याकाळ परत येते. आणि फ्लॅश वापरायचाच, तर त्यावर नारिंगी जेल, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, लावून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा कशाला मानायचं ते) बल्बच्या उजेडाचा ठेवायचा: चेहरे नेहमीचे राहतात, मागचं सगळं गडद निळं होतं. फ्लॅश शटर मिटताना उडेल असं बघायचं. आधीच उडाला तर माणसाची रेघ त्याच्या पुढे धावते आणि तो उलटा चालल्यासारखा दिसतो.

हलण्याला दोष समजायची सवय कॅमेऱ्याइतकीच जुनी असावी. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. तो रस्ता वर्दळीचा, पण फोटोत सामसूम, कारण एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं होतं आणि जे जे चालत होतं ते ते विरून गेलं. उरला एका कोपऱ्यात उभा एक माणूस, पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेणारा. नीट पाहिलं तर त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याचीही आकृती जाणवते. जिवंत माणूस दिसणाऱ्या अगदी पहिल्या फोटोंपैकी हा एक, आणि त्यात माणसं आहेत दोन. एकाचा हात दुसऱ्याच्या बुटावर होता म्हणून दोघं उरली. जोडप्यांचे फोटो काढणाऱ्या बाईला हे चित्र सोडवत नाही. बाकीचा रस्ता आपापल्या कामाला गेला, आणि काही मिनिटांसाठी एकमेकांत अडकलेले दोघं तेवढे सापडले.

एकापेक्षा जास्त फ्रेम जोडून एक चित्र करणं हीसुद्धा कॉम्प्युटरची देणगी नव्हे. १८५७ मध्ये ऑस्कर रेय्‌लँडरने तिसावर निगेटिव्ह एकत्र छापून एक भलंमोठं चित्र उभं केलं होतं. त्यावर वाद झाले, आणि मुद्दा आजचाच होता: जे एका क्षणी घडलंच नाही, त्याला फोटो म्हणायचं का? पुढे १९११ च्या सुमारास इटलीत ब्रागाल्या बंधूंनी उलट टोक धरलं. मान लववणारा, हात फिरवणारा माणूस एकाच लांब एक्स्पोजरमध्ये पकडायचा आणि ती हालचाल हेच चित्र मानायचं. मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी फिरते. मला हालचालही हवी आणि जोडकामही. आणि चित्र देताना हे जोडलेलं आहे असं स्पष्ट सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

जोडकामात एक गोष्ट शिकायला मला लाजिरवाणा वेळ लागला. फ्रेम एकावर एक ठेवल्या की नवशिक्याचा हात ‘लाइटन’वर जातो, प्रत्येक ठिकाणी जी फ्रेम जास्त उजळ ती दिसते. रात्री गाड्यांच्या दिव्यांना हे झकास. पण संध्याकाळच्या उजळ आकाशापुढे माणसं असतात काळसर, आणि लाइटन केल्यावर आकाश त्यांना गिळून टाकतं. मी एकदा तासभर डोकं धरून बसले होते की सहा फ्रेममधलं जोडपं गेलं कुठे. आकाशापुढे ‘डार्कन’ लागतं, गर्द झाडीपुढे फिकट कपड्यांना लाइटन, आणि दोन्ही एकाच चित्रात असतील तर मास्क करून, म्हणजे नको तो भाग झाकून, वेगवेगळं. मला हवी तशी मऊ पारदर्शकता मात्र सरासरीतच मिळते: सगळ्यांत खालचा लेयर १०० टक्के, त्यावरचा ५०, मग ३३, मग २५, मग २०. सगळ्या फ्रेमना सारखा वाटा मिळतो. वर चार फ्रेमच्या सरासरीत अंधाराचा रवाळपणाही निम्म्यावर येतो, हा फायदा वेगळा.

मग कॉम्प्युटरमधलाच ‘मोशन ब्लर’ का नाही वापरायचा, असं विचारतात. एक रेखीव फोटो घ्या, पाहिजे तेवढा फरफटवा, कशाला अंधारात उभं राहायचं? त्यावर मी पायाकडे बोट दाखवते. पाव सेकंदाच्या खऱ्या फ्रेममध्ये चालणाऱ्या माणसाचं सगळं अंग वाहत असतं, पण जमिनीवर टेकलेलं एक पाऊल स्वच्छ असतं. अगदी बुटाच्या नाडीपर्यंत. शरीर पुढे जातं ते त्या एका पावलावरून. तेवढा वेळ ते कुठेही जात नाही. कॉम्प्युटर पाऊलही फरफटवतो आणि माणूस बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. जोडप्यांत तर आणखी एक गोष्ट दिसते. हात धरून चालणाऱ्यांची पावलं कधीकधी चार-सहा ढांगांत जुळतात, आणि मग टेकलेली पावलं दोन दिसतात, शेजारीशेजारी. कधी नाही जुळत. एकदा एक नवं जोडपं होतं, दोघंही उंच, हसरे, कॅमेऱ्याला सरावलेले. ‘एकमेकांकडे बघा’ म्हणायच्या आतच बघत होते. चाळीसेक फ्रेम काढल्या, एकीतही पावलं जुळली नाहीत. तो पुढे, ती मागे, मग ती पुढे. मला वाटलं, गेली संध्याकाळ. शेवटी कंटाळून दोघं थांबली, तिने त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि पायातला खडा काढायला एक पाय उचलला. शटर माझ्या बोटाखाली होतंच. तिचा उचललेला पाय धूसर, तो ढिम्म. त्यांना ते चित्र सगळ्यांत आवडलं, आणि त्यात माझं कर्तृत्व म्हणाल तर बोट जागेवर होतं एवढंच.

हलायला सांगणं हीसुद्धा एक कलाच आहे. नुसतं ‘हला’ म्हटलं की माणसं लाकडी होतात किंवा नाचायला लागतात. काम द्यावं लागतं. तीन म्हणेपर्यंत तिचा हात धरून उभे राहा आणि मग वळा. शाल तिच्या खांद्यावरून काढून तुमच्या खांद्यावर घ्या. एक्स्पोजरचा बराचसा वेळ माणूस थांबला आणि शेवटी हलला, तर तो दिसतोही आणि जातानाही दिसतो. अर्धा वेळ थांबला तर अर्धा पारदर्शक, त्याच्यातून मागचं झाड दिसतं. हे सगळं ते मनातल्या मनात मोजत असतात, आणि मोजणाऱ्या माणसाला चेहरा लावायची आठवण राहत नाही, तो भाग माझ्या पथ्यावर पडतो.

आता ते मुखभंगाचं.

एक वयस्क जोडपं आलं होतं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली असावीत. काकांचा उजवा हात कापायचा, सतत, आजारामुळे. आल्याआल्या त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, “माझा हात हलतो, तुमचा फोटो बिघडेल.” मी म्हटलं, “काका, आज हललेलंच हवंय.” ते सभ्यपणे हसले, पण हात खिशातच राहिला. मग जागेवरच हलायची वेळ आली तेव्हा काकूंनी काही न बोलता तो हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. मी अर्ध्या सेकंदावर होते. सात फ्रेम झाल्या. त्याआधी, अजून उजेड असताना, १/४० वर एक रेखीव फ्रेम घेऊन ठेवली होतीच.

घरी जोडायला बसले. सरासरी केलेलं चित्र सुरेख होतं. दोघांची वाहती आकृती, मागे विझत चाललेलं आकाश. फक्त हातांच्या जागी, मध्यावरच, एक पुंजका. काकूंचे हात बऱ्यापैकी स्थिर आणि त्यांच्या मधोमध धुकं. मला वाटलं, लख्ख जागा इथेच हवी. रेखीव फ्रेममधला हात कापून आणला, कोन जुळवला, रंग जुळवला, मास्कच्या कडा इतक्या मऊ केल्या की मलाच सांधा सापडेना. दोन रात्री गेल्या त्यात. सगळं वाहतंय आणि मधोमध त्यांचा हात, बोटांच्या पेरांसकट स्वच्छ. मी खूश होते. खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होते.

दोघं बघायला आली. काका म्हणाले, “वा.” काकूंनी चष्मा लावला, जवळ गेल्या, पुन्हा मागे आल्या.

“हा हात ह्यांचा नाही.”

“ह्यांचाच आहे, काकू. आधीच्या फ्रेममधला. तेव्हा उजेड होता ना, म्हणून स्पष्ट आलाय.”

“असेल.” थोडं थांबून म्हणाल्या, “पण मी धरला होता तो हा नाही.”

यावर काय बोलणार? मी कॉम्प्युटरकडे वळले. मास्कवर काळा ब्रश घेऊन दोन रात्रींचं काम त्यांच्यासमोरच पुसायला लागले. पाचएक मिनिटं लागली असतील. स्वच्छ हात हळूहळू गेला आणि खालचा पुंजका वर आला. आणि तेव्हा मला दिसलं की तो नुसता पुंजका नाही. थरथर एवढ्याशा जागेत पुन्हापुन्हा तिथेच येत होती, त्यामुळे हाताची कड दोन-तीनदा उमटली होती, एखादी तार छेडल्यावर दिसते तशी. आणि तिच्याभोवती काकूंची दहा बोटं, नखांसकट. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. लख्ख जागा आधीपासून तिथे होती. मी शोधत होते ती त्यांच्या हातात, आणि ती होती त्या हाताला धरणाऱ्या हातांत.

“हं,” काकू म्हणाल्या, “हा.”

मग काकांनी पहिल्यांदाच चित्रात नीट वाकून पाहिलं. कापणाऱ्या हातानेच त्यांनी पडद्यावरच्या काकूंच्या चेहऱ्याकडे बोट केलं. तो बराच पुसट होता; एक्स्पोजर चालू असताना काकूंची मान वळली होती आणि ओठ हलले होते. रेखीव फ्रेममधून चेहरा आणायचा मोह मी तिथे का टाळला होता, ते मला आता आठवत नाही. बहुधा हाताच्या नादात राहून गेलं असेल.

“ही काहीतरी बोलत होती तेव्हा,” काका म्हणाले.

“मी? काय बोलले?”

“नाही आठवत तुला?”

“नाही बाई.”

“मला आठवतंय,” ते म्हणाले, आणि हात पुन्हा खिशात न घालता तसाच टेबलावर ठेवून मला विचारायला लागले की याची मोठी प्रत किती दिवसांत मिळेल.